कार्डावरची तारीख

जुई,

तू 'गिरली' म्हणायचीस आणि मी 'पडले म्हण' म्हणायचो. आपल्या निम्म्या भांडणांचा विषय हाच. "बाबा, मी जिन्यात गिरली." "गिरली नाही, पडले." "बाबा, हातातून ग्लास छूट गेला." "छूट नाही, सुटला." मग तू वैतागून म्हणायचीस, "अच्छा बाबा, सुटला! पण मला लागलं ते तर बघा ना!"

ते मी बघितलं नाही. त्या हिवाळ्यात तू एका महिन्यात चार वेळा जिन्यात पडलीस आणि चारही वेळा मी तुझं मराठी दुरुस्त केलं.

तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. गेल्या आठवड्यात तुझ्या पहाडगंजच्या शाळेत बाईंनी सगळ्या मुलांना हॉलमध्ये बसवलं होतं. तुझ्या वर्गातल्या मुली तुझ्याबद्दल बोलल्या. एक म्हणाली, जुई डब्यातलं भरलं वांगं कुणाला द्यायची नाही, बाकी सगळं द्यायची. सगळे हसले, मीही हसलो. मग बाई म्हणाल्या, जुईच्या बाबांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो, माइकपर्यंत गेलो, आणि परत येऊन बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. तसं नव्हतं. माझ्याकडे बोलायला एकच गोष्ट होती आणि ती शंभर मुलांसमोर सांगण्यासारखी नव्हती. ती तुला सांगायची राहिली आहे. म्हणून लिहितोय.

आधी थोडं बरं आठवू दे मला. हिवाळ्यातल्या रविवारी आपण क्वार्टरसमोरच्या पार्कात चटई टाकून बसायचो. शेंगा, संत्री, आणि तुझे प्रश्न. एकदा मी ऊन घ्यायला बाह्या वर केल्या होत्या आणि तुला माझ्या दंडावरचे दोन गोल वण दिसले. तू त्यावर बोट ठेवून विचारलंस, "हे काय आहे? जळलं होतं?" मी म्हटलं, देवी काढल्या होत्या. तू म्हणालीस, "देवी? देवी कशी काढतात? ड्रॉइंगमध्ये?"

मग तुला सगळं सांगितलं होतं. देवी नावाचा एक रोग होता. माझ्या आत्याचा चेहरा त्याने चाळणीसारखा केला होता आणि तिच्या पाठचा भाऊ त्यातच गेला. आमच्या कराडजवळच्या गावात सायकलवरून देवीचा डॉक्टर यायचा. तो आला की पोरं लपून बसायची. मीही लपलो होतो. माझ्या आजोबांनी मला शोधून काढलं, बखोटीला धरलं आणि चावडीसमोर रांगेत आणून उभं केलं. पेरणीचे दिवस होते, तरी ते अर्धा दिवस रांगेत थांबले. अंगठा उठवणारा माणूस. डॉक्टरने काय टोचलं, त्याने काय होतं, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. मुलगा गेला होता, तेवढं ठाऊक होतं.

तू तुझा दंड बघितलास, मग गौरीताईचा बघितलास. "आमच्या हातावर का नाही?"

"तुम्हाला लागत नाही. तो रोग संपला."

"संपला म्हणजे कुठे गेला?"

"कुठे गेला नाही. सगळ्यांनी टोचून घेतलं, मग त्याला राहायला माणूसच उरलं नाही."

तू बराच वेळ शेंगा सोलत होतीस. मग म्हणालीस, "सगळ्यांनी? एकाने पण बहाना बनवला नाही?" मला आधी कळलंच नाही. सबब सांगितली नाही का, असं म्हणायचं होतं तुला. मी हसलो, तुझा शब्द सुधारला, आणि प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. कारण उत्तर माझ्या पोटात होतं.

दुसरं भांडण गावाचं. मी म्हणायचो, आपलं गाव कराडजवळ. तू म्हणायचीस, "बिल्कुल नाही. आपलं गाव लक्ष्मीबाई नगर." मी म्हणायचो, दिल्लीतलं सरकारी क्वार्टर कधी गाव असतं का, मी रिटायर झालो की खाली करायचं. त्यावर तू कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस. "तिकडे माझी एक पण मैत्रीण नाही. इकडे बारा आहेत. मग आपलं कुठलं?" मी दर वेळी म्हणायचो, मोठी झालीस की कळेल. ते भांडण तू जिंकलीस. तुझी राख मी कराडला नेली नाही. यमुनेत सोडली.

आता ते सांगतो.

गौरीताई नऊ महिन्यांची होती. तू अजून कुठेच नव्हतीस. गोवराची लस सरकारी कार्यक्रमात येऊन फार वर्षं झाली नव्हती. दवाखान्याच्या भिंतीवर नवा तक्ता लागला होता, त्यात नवव्या महिन्यासमोर सुईचं चित्र. तुझ्या आईने तो तक्ता वहीत उतरवून घेतला होता. पोलिओ, ट्रिपल, एकही डोस तिने एक दिवस इकडेतिकडे होऊ दिला नव्हता. पण नेमका गोवराच्या लशीच्या वेळी तिचा पाय मोडला. बाथरूममध्ये घसरली आणि पोटरीपर्यंत प्लास्टर. म्हणून त्या बुधवारी कॉलनीच्या दवाखान्यात गौरीला मी घेऊन गेलो.

संसदेचं अधिवेशन चालू होतं. एका प्रश्नाचं उत्तर अकराच्या आत साहेबांच्या टेबलावर हवं होतं आणि ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. दवाखान्यात आमच्यापुढे सात-आठ बायका. मी घड्याळ बघत उभा. गौरीच्या नाकातून पाणी येत होतं, थंडीचे दिवस होते, सगळ्याच पोरांच्या नाकातून येत होतं. मी सिस्टरला म्हटलं, "इसको सर्दी है, अगले हफ्ते ले आऊँ?"

मल्याळी बाई होती ती. गौरीच्या कपाळाला, मग पोटाला हात लावून बघितला. "बुखार नहीं है. सर्दी से कुछ नहीं होता, लगवा लो. मैंने शीशी अभी घोली है, चार घंटे में फेंकनी पड़ेगी. बैठिए, दस मिनट."

दहा मिनिटं, जुई. तिने मला खुर्चीसुद्धा दाखवली.

मी म्हटलं, "नहीं सिस्टर, रिस्क नहीं लेना. अगले बुधवार पक्का."

रिस्क म्हणालो मी. ती म्हणाली, "पक्का लाना. भूलना मत," आणि पुढच्या बाळाकडे वळली.

बाहेर स्कूटरपाशी आलो आणि आठवलं, घरी पोचताच तुझी आई कार्ड मागणार. रिकामी चौकट दिसली तर प्लास्टरसकट रिक्षात बसून स्वतः निघेल, भांडेल, आणि माझे अकरा वाजतील. मी गौरीला कडेवर धरलं, कार्ड स्कूटरच्या सीटवर ठेवलं आणि ऑफिसच्या पेनने गोवरासमोरच्या चौकटीत तारीख टाकली. खाली सिस्टरसारखी एक रेघ ओढली. मनात म्हटलं, आठच दिवसांचा प्रश्न आहे.

घरी तिने विचारलं, "दिली?"

"दिली."

"रडली?"

"थोडीशी."

पुढच्या बुधवारी ऑडिटवाले होते. त्याच्या पुढच्या बुधवारी नाताळच्या सुट्टीची गर्दी. त्यानंतर कार्ड मागितलं असतं तर तुझ्या आईने विचारलं असतं, कशाला? आणि हळूहळू मला स्वतःलाच वाटायला लागलं की दिली होती. खोटं बोलताना माणसाला भीती वाटते, ती फक्त पहिल्या महिन्यात. नंतर ते घरातल्या जुन्या कपाटासारखं होऊन जातं. तिथे असतं, दिसत नाही.

गौरी साडेतीन वर्षांची झाली. तू सहा महिन्यांची. कॉलनीत गोवराची साथ आली आणि गौरी तापाने फणफणली. चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठलं. आठ-दहा दिवसांनी तुला. गौरी तुला सोडायचीच नाही, दिवसभर तोंडाला तोंड. तुलाही ताप, लाल डोळे, अंगभर पुरळ. आठवड्यात दोघी बऱ्या झालात. तू परत खिदळायला लागलीस. तुझ्या आईने दोघींची दृष्ट काढली.

पण तिला एक गोष्ट खुपत राहिली. "लस दिली होती ना गौरीला? मग कसा झाला?" खालच्या मजल्यावरच्या कमला भाभी, त्या गढवालच्या, त्यांना ती म्हणाली, "भाभी, टीका-वीका सब ऐसे ही है. हमारी गौरी को लगा था, फिर भी हुआ." तिच्यासारखी वहीत तक्ता उतरवून घेणारी बाई हे बोलते म्हटल्यावर त्याला वजन आलं. दुधाच्या बूथवर, पार्कात, भिशीत, ती ते वर्षानुवर्षं सांगत राहिली. कमला भाभींनी आपल्या धाकटीला लस दिलीच नाही. मी जिन्यातून जाता-येता ऐकायचो आणि वर निघून यायचो.

तू साडेआठ वर्षांची झालीस तेव्हा तुझ्या वहीतल्या ओळी खाली उतरायला लागल्या. बाईंनी लिहून पाठवलं, अक्षर बिघडलं आहे, लक्ष नसतं. मी तुला रोज संध्याकाळी शुद्धलेखन घालायला लागलो. पाढे विसरलीस, मला वाटलं आळस. मग ते झटके. बसल्या जागी मान खाली जायची आणि परत वर यायची, जणू कुणी टपली मारतंय. तू हसून म्हणायचीस, "बाबा, मी नाही करत, ते आपोआप होतं." एका रविवारी जेवताना तुझ्या हातून वरण-भाताचं ताट माझ्या ऑफिसच्या कागदांवर पडलं. मी तुला थप्पड मारली. आयुष्यातली एकच. तू रडली नाहीस. नुसती स्वतःच्या हाताकडे बघत राहिलीस, तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा. ती नजर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये आपण सकाळपासून रांगेत होतो. तुझ्या डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या. पाठीतलं पाणी काढलं. चार दिवसांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आपल्याला आत बोलावलं. तू आईच्या मांडीवर, गौरी तुझी पाण्याची बाटली धरून भिंतीपाशी.

"बच्ची को बचपन में खसरा हुआ था?"

तुझी आई म्हणाली, "हाँ, गोवर... खसरा, हुआ था."

"कितने महीने की थी?"

"छह."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते बघूनच मला कळलं.

त्या सावकाश बोलल्या. गोवर बरा होतो तेव्हा सगळ्यांचाच संपतो असं नाही. क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत तो विषाणू दबा धरून बसतो, वर्षानुवर्षं. जितकं लहान वयात गोवर होतो तितका हा धोका जास्त. मग एक दिवस तो मेंदू खायला लागतो. औषध आहे का, आईने विचारलं. झटके कमी करण्याची आहेत, डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य बोलल्याच नाहीत.

मग तुझ्या आईने विचारलं, "टीके से हुआ क्या ये?"

"नहीं. टीके से ये नहीं होता. टीका ही इससे बचाता है. मगर छह महीने के बच्चे को लगता नहीं. माँ का दिया असर तब तक खून में रहता है, टीका ठीक से बैठता नहीं, इसलिए नौवें महीने में देते हैं. तब तक बच्चे को आसपास वाले बचाते हैं, जिनको लग चुका हो. घर में किसको था?"

"इसकी बहन को. लेकिन उसको तो टीका लगा था."

डॉक्टरांनी मान हलवली. "होता है. ज़्यादा नहीं, पर कुछ बच्चों में एक डोस से असर नहीं आता. आपकी गलती नहीं है."

आपकी गलती नहीं है. त्या माझ्याकडे बघून बोलल्या, कारण मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ती वेळ होती बोलायची. तुझी आई तिथे होती, गौरी तिथे होती, तू तिथे होतीस आणि तुला अजून सगळं कळत होतं. मी उठलो आणि म्हणालो, "थँक यू, डॉक्टर."

त्यानंतरची अडीच वर्षं तुला माहीत आहेत, की नाहीत, हे मला माहीत नाही. कुठवर तू आत होतीस हे कुणी सांगू शकलं नाही. आम्ही काय केलं नाही सांग. होमिओपॅथीच्या गोळ्या. जुन्या दिल्लीतल्या हकिमाचं चूर्ण. मेहरौलीच्या पुढे कुणी बाबा होता, त्याचा धागा. मी, सायन्सचा पदवीधर, तुझ्या मनगटाला तो धागा बांधला आणि हात जोडून उभा राहिलो. फिजिओथेरपीवाल्याने शिकवलेले व्यायाम गौरी शाळेतून आली की तुझ्याकडून करून घ्यायची. गणवेशसुद्धा बदलायची नाही. तुला भरवताना घास अडकू नये म्हणून ती तुझा गळा चोळत बसायची. चौदा वर्षांची पोर, मैत्रिणींकडे जायची नाही, टीव्ही बघायची नाही. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मला वाटायचं, प्रेम आहे.

तुझे शब्द गेले. आधी मराठी गेले, नंतर हिंदी. इतकी वर्षं मी एकेक शब्दासाठी भांडलो, आणि मग एक दिवस असा आला की तू 'गिरली' म्हणालीस तरी मी अख्ख्या कॉलनीला पेढे वाटले असते. शेवटी एकच शब्द राहिला, 'ताई'. भूक लागली तरी ताई, दुखलं तरी ताई. मलाही तू ताई म्हणायचीस. मी ओ द्यायचो. मग तोही गेला.

तू गेलीस ती सकाळी, ऊन वर आल्यावर. रस्त्याकडेच्या सेमलला, आपल्या काटेसावरीला, लाल फुलं आली होती. आईचा हात तुझ्या छातीवर होता. श्वास थांबला तरी तिने हात काढला नाही, बराच वेळ. गौरी स्वयंपाकघरात तुझी पेज गाळत होती. मी तिला सांगितलं. तिने गाळणी धुतली, जागेवर ठेवली आणि म्हणाली, "आता काय करायचं असतं?" ती रडली नाही. तेराव्यापर्यंत नाही, नंतरही नाही.

अठराव्या दिवशी दुपारी कमला भाभी वर आल्या. कडेवर त्यांचा नातू, दहा महिन्यांचा. सांत्वनाला म्हणून आल्या होत्या, पण पोराला घेऊन आल्याचा त्यांनाच संकोच वाटत होता. तुझ्या आईने हात पुढे केले तसा तो तिच्याकडे गेला. तुझ्यानंतर तिने पहिल्यांदा कुणाला उचललं. भाभी म्हणाल्या, "बहू बोल रही है आज बुधवार है, खसरे का लगवा दो. मैंने कहा, पहले शैला, तुमसे पूछ लूँ. तुमने तो सब देखा है."

तुझी आई बाळाच्या केसांवरून हात फिरवत होती. तशीच फिरवत म्हणाली, "क्या बोलूँ भाभी. हमारी गौरी को लगा था. समय पर लगा था. फिर भी देखो, क्या हुआ."

"वही तो," भाभी म्हणाल्या. "रहने देती हूँ फिर."

मी पेपर घेऊन खिडकीत बसलो होतो. तो पोरगा माझ्याकडे बघून हसला वगैरे काही झालं नाही, जुई. तो तुझ्या आईच्या मंगळसूत्राशी खेळत होता. पण मला त्याच्या मानेवरची, कानामागची ती नितळ जागा दिसली, जिथून पुरळ सुरू होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"नहीं लगा था."

दोघींनी माझ्याकडे बघितलं.

"गौरी को टीका नहीं लगा था. मैं दवाखाने से वापस आ गया था." मग तुझ्या आईकडे बघून मराठीत म्हटलं, "मी तुला खोटं सांगितलं."

ती म्हणाली, "कार्डावर तारीख आहे."

"ती मी लिहिली. स्कूटरच्या सीटवर."

वाटलं होतं, किंचाळेल, काहीतरी फेकेल. तिने बाळाला खांद्यावर घेतलं. तिचे ओठ हलत होते, ती मोजत असावी. वर्षं असतील, किंवा ज्यांना तिने ते सांगितलं होतं त्या बायका. मग ती चपला घालायला लागली. उलट्या घातल्या, परत काढल्या, परत घातल्या. "चलो भाभी. कार्ड ले लो इसका. दवाखाना दो बजे बंद होता है." भाभी माझ्याकडे बघत होत्या, मग तिच्या मागे धावल्या. जिन्यात तिचा आवाज ऐकू आला, "नाक बह रही है तो बहने दो. नाक से कुछ नहीं होता."

मी वळलो तर आतल्या दारात गौरी उभी.

"मला लस दिली नव्हती?"

"नव्हती."

"म्हणजे मला मुळात व्हायलाच नको होता."

"नसता झाला. निदान बहुतेक तरी नाही. आणि मग जुईला..."

"मला कळतंय पुढचं." तिचा आवाज अगदी शांत होता. "बाबा, त्या डॉक्टर म्हणाल्या ना, घर में किसको था, तेव्हा मी तिथे होते. बाटली धरून. आई म्हणाली, इसकी बहन को."

"गौरी..."

"अल्बममध्ये एक फोटो होता. मी तिचा पापा घेतेय तो. ती छोटी आहे, टोपी घातलेली. तो मी फाडून टाकला. मला वाटलं, त्याच दिवशी दिला मी तिला. त्याच पाप्याने. मी रोज झोपताना म्हणायचे की हा आजार तिच्याऐवजी मला झाला असता तर बरं झालं असतं. अडीच वर्षं, बाबा. तुम्ही शेजारच्या खोलीत होतात."

मी म्हटलं, "तुझी काही चूक नव्हती, बाळा. कधीच नव्हती. सगळी माझी."

"हे तेव्हा सांगायचं होतं," ती म्हणाली. "तेव्हा." आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, माणसाचा वाटणार नाही असा. ती तुझ्या पलंगावर पडली, उशी तोंडात धरली, आणि तुझं नाव घेऊन रडायला लागली. जुई, जुई, जुई. मी जवळ गेलो तर तिने न बघता हात झटकला. "जा तुम्ही. तिच्यासाठी रडू दे... मला रडू दे."

तासाभराने तुझी आई आली. बाळाला लस दिली होती. सिस्टरने अर्धा तास बसवून घेतलं होतं, ती भाभींबरोबर बसली होती. मला ओलांडून आत गेली आणि गौरीजवळ आडवी झाली. त्यानंतर आज आठ दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. स्वयंपाक करते, ताट ठेवते. पण बाकी सगळ्यांशी बोलते. ती दारोदार जाते आहे. दुधाच्या बूथवर, पार्कात, भिशीत, जिथे जिथे तिने ते सांगितलं होतं तिथे तिथे. "मैंने जो कहा था वो गलत था. मेरी बेटी को नहीं लगा था. इसके पापा ने कार्ड पर झूठी तारीख डाली थी." अशा शब्दांत. बसस्टॉपवर ऑफिसचे लोक मला बघून गप्प होतात. मी कुणाला काही समजावत नाही. तिने दिल्लीभर सांगावं. मला वाटतं तिने तुझ्या शाळेतही जाऊन सांगावं, त्या माइकवर.

गौरी माफ करेल की नाही मला माहीत नाही. काल तिने स्वतःहून शेजारच्या मुलीबरोबर मार्केटला जाते म्हणून सांगितलं. मला नाही, आईला. मी गॅलरीतून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिलो. तू असतीस तर तिच्यामागे धावली असतीस, रस्त्यात पडली असतीस, आणि ओरडून सांगितलं असतंस. मला तो शब्द चालला असता, जुई. कुठलाही चालला असता.

तुझ्याकडे माफी मागण्याचं तोंड मला नाही. मागूनही तू देऊ शकत नाहीस, म्हणून ते फारच सोपं होईल. फक्त हे एक कबूल करतो. त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ऐकू येणं शेवटपर्यंत राहू शकतं, तिच्याशी बोलत राहा. आई तुला गोष्टी सांगायची, गौरी शाळेतलं सांगायची. मीही रोज ऑफिसमधून आलो की तुझ्या पलंगाशी बसायचो. खोलीत कुणी नसायचं. तेव्हा सांगता आलं असतं, तुला एकटीला, हळूच. अडीच वर्षं रोज सांगता आलं असतं. आणि मी काय म्हणायचो? तुझ्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचो, "जुई, तू बरी होणार आहेस."

मला माहीत होतं की तू होणार नाहीस.

तुझा,
बाबा